मिक्सर, कूलर आणि अकरावीचं गणित

तुमची आई अकरावीत ज्या वर्गात गेली, त्याचं खरं नाव इतकं लांब होतं की हजेरीपटाच्या रकान्यात मावत नसे. म्हणून शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे त्याला 'जोडवाला क्लास' म्हणत. मी जोडवर्ग म्हणते. कॉलेजात जाणारी मुलं जेवढं गणित, भौतिकशास्त्र आणि रसायन शिकतात तेवढं सगळं शिकायचं, आणि त्याच्या जोडीला घरातल्या विजेच्या उपकरणांची दुरुस्तीही शिकायची, असा तो वर्ग होता. मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवत होते. शाळेचं वेळापत्रकही मीच करत असे, कारण एवढ्या रंगांच्या पेन्सिली दुसऱ्या कोणाकडे नव्हत्या.

छत्तीसगढ राज्य नुकतंच झालं होतं आणि रायपूर राजधानी झालं होतं. जिकडेतिकडे पाट्या नव्याने रंगवणं चालू होतं, आणि नवीन काहीतरी केलं नाही तर आपण मागे पडू असं प्रत्येक कार्यालयाला वाटत होतं. आमच्या शाळेलाही वाटलं. तोवर शाळेत मुलांच्या दोन जाती होत्या. गणित घेणारी वरच्या मजल्यावर बसत आणि दुरुस्तीचा ट्रेड शिकणारी सायकल स्टँडमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. दोघांची भेट फक्त पाण्याच्या नळावर होई. आता एका नव्या वर्गात दोघांना एका बाकावर बसवायचं ठरलं.

मला वेळापत्रकात वर्कशॉपसाठी सलग दोन तास काढायचे होते. गणिताचे सर एक मिनिट सोडायला तयार नव्हते.

"मॅडम, तास म्हणजे तास. ह्यांचा तास दोन तासांचा कसा?" ते म्हणाले.

वर्कशॉपचे सर छत्तीसगढी होते, आधी सिलतऱ्याच्या एका कारखान्यात होते. ते शांतपणे म्हणाले, "हव सर, पर सोल्डर को घंटी सुनाई नहीं देती."

मी दोन तास काढले. जांभळ्या पेन्सिलीने. इंग्रजीच्या तासाला मी त्या मुलांना सूचना लिहायला लावत असे. मिक्सर कसा उघडावा यावर एकाने पहिली सूचना लिहिली होती, "प्रथम आईची परवानगी घ्यावी." मी त्याला पूर्ण गुण दिले.

घरी मात्र प्रकरण इतकं सोपं नव्हतं. तुमचे आबा रेल्वेच्या ऑफिसात होते. मुलगी इंजिनियर व्हावी ही त्यांची जुनी इच्छा. तिने जोडवर्गाचं नाव काढलं तेव्हा ते जेवत होते.

"मिस्त्रीच व्हायचं हाये तं गणित काहून घेतलं?" त्यांनी विचारलं.

तुमची आई तेव्हा मराठी सगळी समजून उत्तर हिंदीत देत असे. काही हवं असलं की मात्र तिची मराठी अचानक सुधारे. त्या दिवशी सुरुवात हिंदीनेच झाली.

"इंजीनियर ही बनना है, बाबा. पर इंजीनियर को मशीन खोलनी नहीं आनी चाहिए क्या?"

"खोलायले माणसं असतात."

"और वो माणसं उस दिन नहीं आए तो?"

आबांनी पुन्हा कढी वाढून घेतली. उत्तर सुचलं नाही की ते कढी वाढून घेत. मग त्यांनी अट घातली. जोडवर्गात जा, पण वार्षिक परीक्षेत गणितात डिस्टिंक्शन हवं. नाही मिळालं तर बारावीला वरच्या मजल्यावर, साध्या गणिताच्या वर्गात. तिने इतक्या पटकन हो म्हटलं की आबांना आपण अट फार सोपी ठेवली असं वाटलं. मी मध्ये पडले नाही. शाळेत त्या वर्गाची बाजू घ्यायची आणि घरीही घ्यायची म्हणजे घरात दुसरी शाळा भरली असती.

दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. बिघडलं ते संक्रांतीला, आणि बिघडवलं माझ्या नीटनेटकेपणाने.

आम्ही राहत होतो त्या चौबे कॉलोनीत मराठी घरं बरीच होती. रथसप्तमीपर्यंत रोज कोणाकडे ना कोणाकडे हळदीकुंकू असे. वाण म्हणून सदर बाजारातून सगळ्याजणी एकच वस्तू आणत. त्या काळात माझ्या कपाटात चहाच्या गाळण्यांचा एवढा साठा होता की मी स्टेशनवर चहाचा ठेला टाकू शकले असते. त्या वर्षी जोडवर्गाच्या मुलांनी प्रात्यक्षिकासाठी रात्री लावायचे छोटे दिवे केले होते. होल्डर, बटण, वायर आणि वर कापलेल्या पत्र्याची टोपी. गुण देऊन झाल्यावर त्या ढिगाचं काय करायचं हे वर्कशॉपच्या सरांना कळेना. मला वाण हवं होतं. मी सामानाचा खर्च शाळेला दिला आणि दिवे घरी आणले.

"ताई, हे काय वो? औंदा गाळणी नाही?" समोरच्या वहिनींनी विचारलं. ह्या वहिनी आमच्या घरासमोर राहत. मूळच्या नागपूरकडच्या, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं.

"पोरीच्या वर्गाने केले आहेत," मी म्हटलं.

बायकांनी दिवे उलटसुलट करून पाहिले. मग वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तुमची पोट्टी वायरी जोडून राहिली? आता सिलतऱ्याले ड्युटीवर पाठवता काय तिले?"

सगळ्या हसल्या. तुमची आई तिळगुळाची ताटली घेऊन उभी होती. तिचे कान लाल झाले, पण ती म्हणाली, "काकू, आधी घरी जाऊन लावून तं पहा."

वहिनींनी लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मिक्सर घेऊन आल्या. बाळंतिणीचं मूल आणावं तसा टॉवेलात गुंडाळून, भांड्यासकट.

"दिवा झकास लागला. आता हे बी पाहून दे न."

तुमच्या आईने मिक्सर उलटा केला. खाली एक लाल बटण असतं. मोटरवर फार ताण आला की ते आपोआप उडतं. तिने ते दाबलं. मिक्सर सुरू झाला.

"इतकंच?" वहिनींचा चेहरा पडला. रस्ता ओलांडून, टॉवेल गुंडाळून आणलेला आजार इतका किरकोळ निघावा हे त्यांना आवडलं नाही. त्यानंतर तुमच्या आईने नियमच केला. बटणच दाबायचं असलं तरी आधी सगळे स्क्रू काढायचे, आत डोकावायचं, "हूं" म्हणायचं, आतला मसाला ब्रशने झाडायचा, स्क्रू लावायचे आणि मग बटण दाबायचं.

"पेशंट को तसल्ली चाहिए, आई," ती म्हणाली.

इथवरही निभावलं असतं. पण मिक्सरबरोबर त्याचं भांडं आलं होतं, आणि कोणाचं भांडं रिकामं परत पाठवायची आमच्या घरी पद्धत नव्हती. तुमच्या पणजीने मला ते असं शिकवलं होतं की हात आपोआपच डब्याकडे जाई. मी त्या भांड्यात शेंगदाण्याची चटणी भरली आणि मिक्सर परत पाठवला.

आता भरलेलं भांडं आल्यावर वहिनी गप्प कशा बसतील? त्या वाटीभर गाजराचा हलवा घेऊन आल्या, आणि येतायेता बिघडलेली इस्त्रीही. वाटी मी रिकामी पाठवू शकत नव्हते. इस्त्रीत काय भरायचं हा प्रश्न मला पहिल्यांदाच पडला. शेवटी मी लाडवांच्या डब्यावर इस्त्री ठेवून दोन्ही मिळून पाठवली. ही बातमी कॉलोनीत फिरली. वस्तू बिघडलेली जाते आणि बरी होऊन खाऊसकट येते. सदर बाजारातला दुरुस्तीवाला चटणी देत नसे.

फेब्रुवारीपर्यंत आमच्या व्हरांड्यात मिक्सर, इस्त्र्या, टेबलफॅन आणि कोणाचासा पाणी तापवायचा रॉड अशी रांग लागली. माझा शेंगदाण्याचा डबा तळाला गेला. तुमची आई शाळेतून येऊन व्हरांड्यात बसे ती जेवायलाच उठे. गणिताची वही टेबलावर उघडी असे आणि पंख्याच्या वाऱ्याने तिची पानं उलटत. पानं उलटणारा तेवढा एक पंखाच होता.

"नाही म्हण न एखादीले," आबा म्हणाले.

"बाबा, मावश्या आहेत. नाही कसं म्हणू?"

"मग मी म्हणतो."

आबांची नोकरीच लोकांना नाही म्हणायची होती. ऑफिसात ते बदली, रजा, क्वार्टर, सगळ्याला नाही म्हणत. म्हणून मार्च लागताच त्यांनी ऑफिसातून आल्यावर व्हरांड्यात खुर्ची टाकली. मुलगी आतल्या खोलीत दार लावून गणित करणार आणि बाहेर बाप पहारा देणार. मला ही व्यवस्था आवडली. मी घराचंही वेळापत्रक केलं आणि त्यात ती हिरव्या पेन्सिलीने दाखवली.

पण मार्चात रायपूरला कूलर निघतात. वर्षभर गच्चीवर पडलेल्या कूलरचा पंप चिकटलेला असतो आणि मोटर गुरगुरते पण फिरत नाही. समोरच्या वहिनी मोटर हातात घेऊन आल्या. आबा उठून उभे राहिले.

"वहिनी, पोरीची परीक्षा हाये."

"हो न भाऊजी, मी कुठं म्हणून राहिली आत्ताच करा म्हणून? इथं कोपऱ्यात ठेवते फक्त. घरी किती उकडून राहिलं, पण असू द्या. आम्ही राहू तसंच."

आबा ऑफिसात नाही म्हणू शकत. वहिनींना नाही म्हणणं त्यांच्या नियमावलीत नव्हतं. मोटर कोपऱ्यात राहिली. आबा खुर्चीतून तिच्याकडे बघत बसले. थोड्या वेळाने त्यांनी ती उचलून हातात घेतली. मग त्यांनी बंद दाराला तोंड लावून हळूच विचारलं, "बेटा, पाना कुठं ठेवला?"

तिथून पुढे पहारेकरीच चोर झाला. वहिनींची मोटर लावण्याआधी हात बसावा म्हणून त्यांनी आमच्याच खिडकीतल्या कूलरची मोटर खोलली, तेल घातलं, पुन्हा जोडली आणि समोर खुर्ची टाकून बसले. पंखा जोरात फिरत होता. आबांच्या कपाळावरून घाम टपकत होता.

"हवा येऊन राहिली न?" त्यांनी मला विचारलं.

मी बोलण्याआधी रस्त्यापलीकडून वहिनींचा आवाज आला. "भाऊजी, मस्त! इकडं एकदम गार वाटून राहिलं!"

दार उघडून तुमची आई बाहेर आली. तिने कूलरकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. "बाबा, आप पूरे रायपूर को ठंडा कर रहे हैं. पंखा उलटा है."

मोटरच्या तीन वायरी होत्या. आबांनी दोन अदलाबदल करून जोडल्या होत्या. त्यामुळे पंखा घरातली हवा ओढून कूलरच्या जाळीतल्या ओल्या गवतातून बाहेर रस्त्यावर टाकत होता.

"मंग सोपं हाये," आबा म्हणाले. "तीन वायरी, तीन जागा. एकेक करून सगळे प्रकार लावून पाहतो."

"कितने प्रकार?"

आबांनी बोटांवर मोजलं. "तीन?"

"सहा," ती म्हणाली, आणि तिथेच बसून तिने वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. पहिल्या जागेला तीन पर्याय, दुसरीला दोन, शेवटचीला एक. ती हेच आत शिकत होती. "आणि यातल्या काहींत पंखा सुलटा फिरतो, काहींत उलटा, आणि काहींत मोटर जळते. इसलिए सब लगाके नहीं देखते, बाबा. आधी प्लग काढा, मग डोकं लावा."

आबा खूश झाले. इतकं खूश मी त्यांना बढतीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. मग त्यांना प्रश्न पडू लागले. मोटरला कपॅसिटर कशाला लागतो? तो वीज साठवतो तर किती? पंप इतका लहान, मग पाणी वर कसं चढवतो? प्रत्येक प्रश्न ते फाइलवर शेरा मारल्यासारखा दोनदा विचारत. ती पुस्तक बाजूला ठेवून समजावून सांगे. मी वेळापत्रकात 'आबांचे प्रश्न' असा पाव तासाचा रकाना टाकला. तो जेवणापर्यंत लांबे.

निकाल लागला. भौतिकशास्त्रात ती वर्गात पहिली होती. दुरुस्तीच्या विषयात सरांनी गुण देताना हात राखला नव्हता. गणितात डिस्टिंक्शन थोडक्यात हुकलं.

त्या दुपारी घरात कूलरचाच तेवढा आवाज होता, सुलट्या कूलरचा. आबा शब्दाचे पक्के. त्यांनी अट सांगितली होती आणि तिने मानली होती. ते वर्ग बदलण्याचा अर्ज लिहायला बसले. पेनचं टोपण काढलं, पण लिहायला सुरुवात होईना.

"मले ती मिस्त्री होईल याची भीती नाही," ते मला म्हणाले. "मले भीती कॉलेजची हाये. त्यायनं गणिताचे मार्क पाहून नाही म्हटलं तं?"

कॉलेज नाही म्हणालं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे, नाहीतर तुमची आई तुमच्या बाबांना भेटलीच नसती. पण त्या दुपारी हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. तुमची आई दारात उभी होती, आणि पुढच्या वर्षी आपण कुठल्या बाकावर बसणार हे त्या पेनावर ठरणार होतं.

ती आत आली आणि मराठीत बोलू लागली. स्वच्छ मराठीत. मी हातातलं काम ठेवलं.

"बाबा, माझे गुण कमी पडले हे मला मान्य आहे. एक दाखवू? मी शाळेत उत्तरपत्रिका पाहून आले. तो क्रम लावायचा प्रश्न आला होता, तीन वायरींसारखाच. त्यात एकही गुण गेला नाही."

"तो तं मीच करून घेतला तुह्याकडून," आबा अभिमानाने म्हणाले.

"हो. गेले ते सगळे परवलयाच्या, म्हणजे पॅराबोलाच्या धड्यात गेले. तो धडा मी वाचायला घेतला त्याच आठवड्यात तुम्ही कपॅसिटर विचारत होता. रोज."

आबांनी कढीसाठी इकडेतिकडे पाहिलं. कढी नव्हती.

त्याच वेळी समोरच्या वहिनी वाटी परत करायला आल्या. भरलेली, अर्थातच. दोन वाक्यांत त्यांनी मामला समजून घेतला आणि कमरेवर हात ठेवला.

"भाऊजी, पोट्टीचे मार्क तं तुम्हीच खाल्ले!"

"मी? मी तं गेटवर राखण करून राहिलो होतो."

"राखण करून राहिले होते तं हाताले ग्रीस काहून होतं? आम्ही काय पाहत नव्हतो? समोरच राहतो न."

"तुमचीच मोटर होती, वहिनी."

"मी तं कोपऱ्यात ठेवली होती. उचलली कोणं?"

आबांनी पेनचं टोपण लावलं. मला तो आवाज अजून ऐकू येतो असं मी म्हणणार नाही, पण तुमची आई भिंतीला टेकली आणि हळूच खाली बसली, ते मला आठवतं.

"ठीक हाये," आबा म्हणाले. "बारावीबी जोडवर्गातच. पण परवलय पक्कं पाहिजे."

"आणि माझी अट?" ती म्हणाली.

"तुही कोणती अट?"

"शाळा सुरू झाली की संध्याकाळी तुम्ही व्हरांड्यात यायचं नाही. माझ्या परीक्षेपर्यंत. प्रश्न फक्त रविवारी."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन्सिलींचा डबा आणायला उठले होते.

"अन् मिक्सर?" वहिनींनी काळजीने विचारलं.

"मिक्सरही रविवारीच," मी म्हटलं. "आणि वहिनी, भांडं घरी ठेवून या. नुसती मोटर आणा. माझ्या घरी आता शेंगदाणे नाहीत."

जून लागला. शाळा उघडली. बारावीच्या जोडवर्गाचा पहिला दिवस संपवून तुमची आई परत आली, चहा घेतला, आणि परवलयाचा धडा उघडून व्हरांड्यातच बसली. आबा आतल्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन शिक्षा भोगत होते. रस्त्यापलीकडे वहिनींनी कूलर लावला आणि तो घुर्र घुर्र करू लागला.

पेपर खाली आला. खिडकीत आबांचं डोकं आलं.

"वहिनी! कपॅसिटर पाहा आधी!"

"बाबा!" व्हरांड्यातून आवाज आला.

खिडकी बंद झाली.